अलकापुरीतल्या दालनात माणसे का टिकत नाहीत

पत्राचा सारांश : वडोदऱ्यातील एका मराठी कुटुंबाचे रावपुऱ्यात साड्यांचे जुने दुकान आहे. पत्र लिहिणाऱ्या ताईंनी चार वर्षांपूर्वी अलकापुरीत दुसरे दालन काढले. तेथे पाटणचा पटोळा, येवल्याची पैठणी, बनारसी शालू अशा भारी हातमागाच्या साड्याच असतात आणि किंमत ४०,००० पासून काही लाखांपर्यंत जाते. जुन्या दुकानात आठ माणसे आहेत आणि ती वर्षानुवर्षे तीच आहेत. नव्या दालनात चौदा आहेत, पण गेल्या दीड वर्षात तेथून नऊ जण सोडून गेले; दोघे अहमदाबादला, बाकीचे बहुतेक मॉलमधल्या मोठ्या ब्रँडकडे. पगार १८,००० रुपये आणि ज्याच्या त्याच्या विक्रीवर एक टक्का कमिशन. जुन्या दुकानातून आणलेले एक अनुभवी काका आहेत, पण ते नव्यांना काही शिकवत नाहीत, अशी तक्रार आहे. ताई लिहितात, "शिकवायचे आम्ही आणि वापरायचे दुसऱ्यांनी. आजकालच्या मुलांना निष्ठा म्हणून काही राहिलीच नाही." नव्यांकडून तीन वर्षांचा बाँड लिहून घेऊन मूळ प्रमाणपत्रे ठेवून घ्यावीत, कमिशन दुप्पट करावे, की हॉटेल मॅनेजमेंट झालेली इंग्रजी बोलणारी मुले घ्यावीत, असे त्यांनी विचारले आहे. पत्रासोबत कर्मचाऱ्यांसाठीचे नियमपत्रक आणि नोकरीची जाहिरातही जोडली आहे. आणखी दोघी जाणार अशी कुणकुण असल्याने त्यांना उत्तर लवकर हवे आहे.

ताई,

तुमच्या तिन्ही पर्यायांकडे मी येणारच आहे, पण 'शिस्त' या विषयावर लिहिताना तुम्ही एका ओळीत उरकलेल्या एका प्रसंगापाशी आधी थांबते. गेल्या दिवाळीनंतर एका ग्राहक बाईंनी पैठणी अंगावर लावून पाहिली, पदराला लिपस्टिक लागली, ड्रायक्लीनिंग करूनही पुसट डाग राहिला, साडी कमी किमतीत काढावी लागली आणि त्या नुकसानीपैकी ६,५०० रुपये साडी दाखवणाऱ्या मुलीच्या पगारातून कापले गेले. पुढे एके ठिकाणी, अगदी वेगळ्या संदर्भात, तुम्ही लिहिले आहे की जानेवारी-फेब्रुवारीत एकदम तिघी सोडून गेल्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असे तुमच्या पत्रात कुठे सुचवलेले नाही. मला तो असावा असे वाटते. त्या तिघींपैकी एकीनेही राजीनाम्यात तसे लिहिले नसेल, कारण राजीनाम्यात 'घरगुती अडचण' लिहायची आणि खरे कारण डबा खाताना मैत्रिणीला सांगायचे, अशी सगळीकडचीच रीत आहे. पैसे एकीचे कापले गेले, पण उरलेल्या तेरा जणांनीही त्या दिवशी मनाशी हिशेब केला असणार, की उद्या दोन लाखांचा पटोळा दाखवताना असे काही झाले तर आपले काय. अठरा हजारांतून साडेसहा हजार म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक पगार गेला, आणि तोही गिऱ्हाइकाच्या लिपस्टिकपायी.

कायदाही याबाबतीत तुमच्या बाजूने नाही. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेत मालाच्या नुकसानीपोटी पगार कापण्याची मुभा आहे. मात्र तो माल त्या व्यक्तीच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असावा लागतो, नुकसान तिच्याच हयगयीमुळे झालेले असावे लागते आणि कापण्याआधी तिला आपली बाजू मांडू द्यावी लागते. येथे यातले काय झाले होते? ते पैसे परत करा. ती मुलगी अजून तुमच्याकडे असेल तर सर्वांना कळेल असे परत करा, गेली असेल तर तिच्या खात्यावर पाठवा. इतका भारी माल अंगावर लावून दाखवावाच लागतो आणि कधी ना कधी डाग पडतोच. तो दुकानाच्या खर्चात धरायला हवा. आरशापाशी टिश्यूचा डबा आणि खांद्यावर टाकायला स्वच्छ मलमलचा तुकडा ठेवलात तर असे बरेचसे प्रसंग टळतील.

आता निष्ठेबद्दल. 'आजकालच्या मुलांना निष्ठा नाही' हे वाक्य साड्यांच्या दुकानांपासून सराफी पेढ्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येते. तुमच्या बाबतीत ते तपासून पाहण्याची सोय घरातच आहे. रावपुऱ्यातल्या दुकानात तीच आठ माणसे टिकून आहेत. कुटुंब तेच, शहर तेच, मालही बराचसा तोच. ती माणसे जुन्या वळणाची आहेत, त्यांना या वयात दुसरीकडे कोण घेणार, असे म्हणून हा मुद्दा बाजूला सारता येईल आणि त्यात थोडे तथ्यही आहे. तरीही दोन्ही ठिकाणी माणसाच्या वाट्याला काय येते ते एकदा ताडून पाहा.

रावपुऱ्यात साडी दाखवणारा गादीवर मांडी घालून बसतो. गिऱ्हाईक समोर बसते आणि चहा दोघांनाही येतो. तो साडी गादीभर उलगडतो, पदर गिऱ्हाइकाकडे फिरवतो, मग काठाला धरून उलटी बाजू दाखवतो, आणि तेवढा वेळ त्या चार हात जागेवर त्याचेच राज्य असते. आजींनी थोरल्या नातीच्या लग्नात कोणता रंग नापसंत केला होता, हे त्याला आठवते. आजींनाही त्याचे नाव माहीत असते. अलकापुरीत तुम्ही गादीच्या जागी काचेची काउंटरे आणलीत, उंच आरसे आणि सुरेख दिवे लावलेत, आणि त्या सगळ्यात विकणाऱ्याची बसण्याची जागा गेली. तुमच्या नियमपत्रकातले चौथे कलम सांगते की दालनात ग्राहक असो वा नसो, कर्मचाऱ्यांनी बसायचे नाही. म्हणजे सकाळी साडेदहापासून रात्री साडेआठपर्यंत, जेवणाचा अर्धा-पाऊण तास सोडला तर, माणूस उभाच. त्यापुढच्या कलमांत ग्राहकांचे स्वच्छतागृह वापरायला मनाई आहे आणि घरी जाताना दारापाशी पर्स उघडून दाखवायची आहे. जी मुलगी दिवसभर लाखांची साडी हातात घेऊन त्या साडीचा मान राखते, तिला रात्री निघताना चोर समजून तपासले जाते. मॉलमधल्या ब्रँडचा झगमगाट तिला खेचून नेतो, असे तुम्ही म्हणता. माझ्या मते तुमच्या दाराशी रोज घडणारा हा प्रकार तिला बाहेर ढकलतो, आणि मॉल फक्त समोर असतो.

बसण्याचा मुद्दा क्षुल्लक वाटेल, पण केरळमध्ये दुकानांत काम करणाऱ्या बायकांना त्यासाठी आंदोलन करावे लागले. त्यांत साड्यांच्या दुकानांतल्या बायकाही होत्या. २०१८ मध्ये त्या राज्याने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली आणि २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तशीच तरतूद केली. तुम्हाला कोणी भाग पाडण्याची वाट पाहायचे कारण नाही. काउंटरांमागे उंच स्टुले ठेवा आणि समोर ग्राहक नसेल तेव्हा बसावे, असे कलमच लिहा. मला विचाराल तर दालनाच्या एका बाजूला मोठी गादीच घाला. लग्नाची खरेदी करणारे कुटुंब दोन-दोन तास थांबते, आजींना काउंटरापाशी उभे राहवत नाही, आणि परदेशातून आलेल्या नातीला तर गादीचेच अप्रूप अधिक. इतका पैसा घालून तुम्ही जी शान उभी केलीत, तिच्यापेक्षा ही गादी स्वस्त पडेल आणि शोभेलही जास्त. पर्स तपासणीचे म्हणाल तर प्रत्येक साडीला बारकोड असताना संध्याकाळी शिल्लक मोजून घेणे अधिक खात्रीचे असते. तपासणी करायचीच असेल तर ती आडोशाला, बाईकडून आणि मॅनेजरसकट सर्वांची व्हावी.

आता पैशाचे पाहू, कारण पगार हे कारणच नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. चौदांपैकी दीड वर्षात नऊ गेले, म्हणजे वर्षाला सहा. नवा माणूस पहिले तीन महिने शिकण्यातच घालवतो, असे तुम्हीच लिहिता; तीन महिन्यांचा पगार ५४,००० आणि सहा जणांचा ३,२४,००० रुपये. अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हातून निसटलेली गिऱ्हाइके यात धरलेली नाहीत. उलट चौदाही जणांचा पगार महिना २,००० रुपयांनी वाढवलात तर वर्षाला ३,३६,००० रुपये लागतील. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आहेत. एक खर्च तुम्ही आजही करता आहात, फक्त तो वहीत कुठे लिहिला जात नाही.

तुमच्या पत्रातले एक विधान मात्र मला तातडीने दुरुस्त करावेसे वाटते. नव्या दालनात वीस माणसे नाहीत, म्हणून भविष्य निर्वाह निधी लागू होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. एकाच आस्थापनेच्या शाखा या कायद्यात एकत्र मोजल्या जातात. रावपुऱ्यातले आठ आणि अलकापुरीतले चौदा मिळून बावीस होतात. दोन्ही दुकानांची मालकी आणि नोंदणी कशी आहे, मूळ वेतन किती आहे, यावर तपशील ठरेल, तेव्हा ही कागदपत्रे घेऊन कामगार कायद्याच्या जाणकार सल्लागाराकडे याच आठवड्यात जा. कर्मचारी राज्य विमा योजनेचेही तसेच आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ती लागू होते. मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के. तुम्ही तो भरता, असे पत्रात आहे, पण मुलींना त्याचा उपयोग कधी समजावून सांगितला आहे का? तिच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या उपचारांनाही ही योजना कामी येते, हे जिला ठाऊक नाही तिच्या लेखी ती नुसती पगारातली कपात असते. मॉलमधला ब्रँड पहिल्याच दिवशी नियुक्तिपत्र, पदनाम आणि सुट्ट्यांचे वेळापत्रक हातात ठेवतो. तुमच्याकडे हे सगळे तोंडी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्यानंतर नियुक्तिपत्र देणे हा शिष्टाचाराचा भाग उरलेला नाही, ती मालकाची जबाबदारी झाली आहे.

कमिशन दुप्पट करावे का? करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण तुमच्या काकांपाशी आहे. ते नव्यांना शिकवत नाहीत, याचा दोष तुम्ही त्यांच्या स्वभावाला देता. पण त्यांची कमाई ज्याच्या त्याच्या विक्रीवर ठरते. त्यांनी एखाद्या मुलीला तासभर बसवून शिकवले तर तेवढ्या वेळातले गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते, आणि ती शिकून तयार झाली की पुढची गिऱ्हाइकेही तिच्याकडे वळतात. म्हणजे शिकवण्याची किंमत काकांनी दोनदा मोजायची. असा व्यवहार तुम्ही-आम्ही तरी केला असता का? कमिशन दुप्पट झाले की दारातून येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ओढाताण वाढेल, ४०,००० ची साडी बघायला आलेल्या बाईंकडे कोणी ढुंकून पाहणार नाही, आणि साड्यांच्या घड्या घालायला तर कोणीच पुढे येणार नाही.

त्याऐवजी निम्मे कमिशन व्यक्तीच्या विक्रीवर ठेवा आणि निम्मे दालनाच्या एकूण विक्रीवर धरून हजेरीच्या प्रमाणात सर्वांना वाटा. काकांना शिकवण्याचा वेगळा भत्ता द्या आणि तो त्यांच्या पगारपत्रकावर त्याच नावाने दिसू द्या. त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याही मॉलमधल्या प्रशिक्षणवर्गात मिळत नाही. पाटणच्या पटोळ्यात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, दोन्ही आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, म्हणून तो दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो आणि एका साडीला महिनोन्‌महिने लागतात. राजकोटच्या पटोळ्यात सहसा फक्त बाणाच बांधून रंगवलेला असतो, आणि किमतीतला सगळा फरक तिथून सुरू होतो. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तर मोर मागूनही तसाच दिसतो, यंत्रावरच्या पदरामागे धागे सुटे राहतात. खऱ्या जरीत चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असतो. 'टेस्टेड', म्हणजे तांब्याच्या तारेची स्वस्त जर, तिच्याशेजारी ठेवून दाखवल्याशिवाय नवख्याच्या डोळ्यांना फरक कळत नाही. जरीच्या साडीची घडी अधूनमधून बदलली नाही तर मोडीवर जर चिरते, हेही कोणीतरी हाताला धरून शिकवावे लागते. ग्राहक बाई हल्ली मोबाइलवर चार गोष्टी वाचून येतात. त्यांच्या प्रश्नाला काउंटरामागून खरे उत्तर आले नाही तर तुमचे दिवे आणि आरसे काही कामाचे नाहीत.

शिकवायला वेळ कुठे आहे, असे तुम्ही विचाराल. पितृपक्षाचे पंधरा दिवस तुमच्या दालनात माश्या मारायची वेळ येते, हे तुमच्याच पत्रात आहे. तेव्हा रोज सकाळचे दोन तास काकांच्या हवाली करा. वर्षाच्या आत नव्या मुलीसमोर पाच साड्या ठेवून, लेबल झाकून, प्रत्येकीबद्दल तिला बोलायला सांगा. ती उतरली की पगार वाढेल आणि तिच्या नावाचे कार्ड छापले जाईल, हे आधीच लिहून द्या. त्यापुढच्या पायरीवर तिला ठरावीक मर्यादेपर्यंत सवलत स्वतःच्या अधिकारात देता यावी. गिऱ्हाइकासमोर प्रत्येक वेळी 'मॅडमना विचारून येते' म्हणावे लागणे हा त्या मुलीचा पाणउताराच असतो. वर्षातून एकदा दोघी-तिघींना पाटणला किंवा येवल्याला मागावर घेऊन जा. जी मुलगी कारागिराला गाठी बांधताना पाहून आली, तिला किमतीचे समर्थन पाठ करावे लागत नाही.

या सगळ्याने ती अधिक चांगली विक्रेती होईल आणि मग मॉलवाले तिला अधिकच ओढतील, ही तुमची भीती मला कळते. काही जणी तरीही जातील. पण न शिकवलेल्याही गेल्याच आहेत, आणि जोवर राहिल्या तोवरही फारसे विकू शकल्या नाहीत. शिवाय पटोळ्याची ही जाण घड्याळांच्या किंवा सुगंधी द्रव्यांच्या काउंटरवर कोणाच्या उपयोगाची नाही, तिचे मोल तुमच्याच धंद्यात सर्वांत जास्त आहे.

हाच धागा धरून तुमच्या जाहिरातीकडे येते. 'वय १८ ते २५, स्मार्ट, अविवाहित, इंग्रजी आवश्यक.' ज्या वयात माणूस शिक्षण, लग्न किंवा दुसरे शहर यांपैकी कशासाठी तरी हलणारच असतो, नेमके तेच वय तुम्ही निवडले आहे आणि मग ती हलली की निष्ठा नाही म्हणता. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, मांजलपुरात चाळिशीच्या कितीतरी बायका आहेत, ज्यांची मुले मोठी झाली आहेत, ज्यांनी घरून साड्या विकल्या आहेत, मराठी, गुजराती आणि हिंदी सहज बोलतात आणि कोणत्या सुनेला सासूसमोर कोणता रंग चालणार नाही हे ज्यांना न सांगता कळते. त्यांना पूर्ण दिवस जमणार नाही. अकरा ते पाच जमेल. महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयासारखी संस्था या शहरात १९१४ पासून आहे. कापडात हात असलेल्या बायका शोधायला बडोद्यात फार लांब जावे लागू नये. महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनींना लग्नसराईपुरते अर्धवेळ घ्या. त्या कायम राहणार नाहीत हे दोन्ही बाजूंना ठाऊक असेल, त्यामुळे कोणाची फसगत नाही. हॉटेल मॅनेजमेंटचे एखादे मूल जरूर घ्या, डिसेंबरात परदेशस्थ नातेवाईक येतात तेव्हा त्याचा उपयोग होईल. पण सगळे दालन तसे भरलेत तर त्यांचे पुढचे पाऊल हॉटेलात किंवा विमान कंपनीत असेल, आणि आजींशी बोलायला तुम्हाला स्वतःलाच यावे लागेल.

मुलाखतीत इंग्रजी तपासण्याऐवजी उमेदवाराला एक साडी उलगडायला आणि पुन्हा घडी करायला सांगा. हात कपड्याशी कसा वागतो ते दोन मिनिटांत दिसते. मग एक दिवस, त्याचा मेहनताना देऊन, दालनात वावरू द्या. म्हणजे दिवसभराचे काम कसे असते ते तिलाही कळेल आणि महिन्याभरात पळ काढणाऱ्यांची संख्या कमी होईल.

बाँडविषयी थोडक्यात. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचे नाही, अशी अट १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. ठरावीक काळाआधी सोडल्यास भरपाई द्यावी, असा करार सर्वस्वी बेकायदा नाही, पण कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मिळू शकते, आणि तुम्ही प्रशिक्षणावर प्रत्यक्ष काही खर्च केल्याचे दाखवता आले पाहिजे. आज तुमच्याकडे दाखवण्यासारखे प्रशिक्षणच नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे तर अजिबात नको. अडकलेली माणसे थांबतात, पण विकत नाहीत; शिवाय ही गोष्ट बाजारात पसरायला आठवडाही लागत नाही, आणि मग चांगल्या घरची मुलगी अर्ज करणे बंद करते.

नवरात्राबद्दल तुम्ही बऱ्याच त्राग्याने लिहिले आहे, की संध्याकाळी सात वाजले की मुलींचे लक्ष घड्याळाकडे जाते. बडोद्यात राहून याचे नवल वाटू नये. गरबा हा इथे मुलींचा वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. मुद्दा असा की तुमची गिऱ्हाइकेही त्या वेळी चणिया-चोळी घालून मैदानाकडेच निघालेली असतात. गेल्या दोन वर्षांची बिले काढा आणि त्या नऊ रात्री सातनंतर किती भारी साड्या गेल्या ते पाहा. आकडा किरकोळ निघाला तर त्या दिवसांत दालन तासभर आधी उघडून सातला बंद करा. निघाला नाही तर निम्म्या-निम्म्या जणींची पाळी लावा आणि ती महिनाभर आधी भिंतीवर लावा. त्या बदल्यात दिवाळीआधीचे पुष्य नक्षत्र ते धनत्रयोदशी कोणीही रजा मागणार नाही, असे त्यांच्याकडूनच कबूल करून घ्या. दिवाळीच्या दिवसांत उशीर होणार असेल तर वाघोडिया रोडकडे आणि मांजलपूरकडे राहणाऱ्यांसाठी गाडी ठेवा. रात्री दहाला रिक्षा शोधत उभ्या राहणाऱ्या मुलीच्या घरचे तिला फार दिवस कामावर येऊ देत नाहीत, मग तुमचे दालन कितीही प्रतिष्ठित असो.

गिऱ्हाइकाच्या उद्धटपणाबाबत तुमच्या नियमपत्रकात एकच ओळ आहे, 'ग्राहक नेहमी बरोबर असतो.' बोटाने चुटकी वाजवून बोलावणे, तीस साड्या उघडायला लावून 'हिला काही कळत नाही' म्हणणे, हे भारी दुकानांत नेहमीचेच असते, आणि बाहेरून ते दिसत नाही. आवाज चढला की मॅनेजरने स्वतः येऊन ते गिऱ्हाईक आपल्याकडे घ्यायचे आणि मुलीला आत जाऊन पाणी पिऊ द्यायचे, एवढा नियम पुरे. गिऱ्हाइकांचे नंबर मुलींच्या खासगी फोनमध्ये असतात आणि त्या गेल्या की गिऱ्हाइकेही जातात, यावर उपाय सोपा आहे: दुकानाचा फोन, दुकानाचा नंबर, पण संदेशाखाली त्या मुलीचे नाव. गिऱ्हाइकाची संमती घेऊनच नंबर नोंदवा.

उरल्या त्या दोघी, ज्या जाणार अशी कुणकुण आहे. त्यांना एकत्र बोलावू नका आणि 'तू जाणार आहेस का' हा प्रश्न विचारू नका. त्याला 'नाही' हेच उत्तर येते. एकेकीला दालनाबाहेर, चहा घेता घेता विचारा, की या कामात तुला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो आणि गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाऊन 'नको ही नोकरी' वाटले. मग मध्ये न बोलता ऐका. मालकिणीला हे कठीण जाते, म्हणून गरज वाटल्यास घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, ज्याच्याशी त्या मोकळेपणाने बोलतील, हे काम सोपवा. ऐकलेल्यांपैकी एक तरी गोष्ट आठवड्याच्या आत बदलून दाखवा, मग ती स्टुलांची असो वा पर्सची. पगारवाढीचे आश्वासन त्यांना एकटीला, गुपचूप देऊ नका. ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल आणि बाकीच्या बाराजणांना राजीनामा हाच बढतीचा मार्ग आहे असे वाटेल. एखादीने जायचे पक्के ठरवलेच असेल तर तिचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत पूर्ण करा, नव्या वेतन संहितेची अपेक्षाही तीच आहे, आणि अनुभवाचे पत्र न मागता द्या. तीन-चार महिन्यांनी काकांना तिला एक फोन करायला सांगा. नवी नोकरी कशी आहे, एवढेच त्यांनी विचारावे. परत येण्याचा विषय काढायचा की नाही, ते तिच्यावर सोडावे.